स्वस्तातला हिरवा लेझर आकाशदर्शनाला वापरायचा तर आधी काय करावं?

रानपाखरू

आमच्या जुन्नरकडच्या शाळेत दर हिवाळ्यात दोन-तीनदा आकाशदर्शन ठेवतो. साठ-सत्तर मुलं, काही पालक आणि एक सहा इंची परावर्ती दुर्बीण. दुर्बिणीला रांग लागते ती नंतर. आधीचा तासभर नुसत्या डोळ्यांनी तारे ओळखण्यात जातो आणि खरी पंचाईत तिथेच होते. "त्या एका ओळीतल्या तीन चांदण्या म्हणजे मृगाच्या पोटात घुसलेला बाण, त्याच रेषेत खाली या की व्याध," असं मी बोट रोखून सांगतो. पण माझं बोट माझ्या डोळ्यांना व्याधावर टेकलेलं दिसतं, शेजारच्या पोराला ते भलतीकडेच दिसतं. मागच्या रांगेतली मुलं तर नुसती माना डोलावतात.

म्हणून या वर्षी मुंबईला गेलो तेव्हा हिरवा लेझर घेतला. चारशे रुपये. जाड पेनासारखा, मागे चावी, पुढे नक्षी पाडणारं टोपण, आत चार्ज होणारा सेल. त्यावर पिवळी चिठ्ठी आहे, '५ मिलीवॅटपेक्षा कमी' अशी. दुकानदाराने मोठ्या कौतुकाने काळा फुगा समोर धरला आणि लेझरने तो फट्‌कन फोडून दाखवला.

घरी येताना गाडीत तो फुगाच डोक्यात घोळत राहिला. ५ मिलीवॅटने फुगा फुटत नाही, एवढं मला माहीत आहे. म्हणजे चिठ्ठी खोटी आहे. सत्तर मुलांच्या घोळक्यात मी हातात नेमकं काय घेऊन उभा राहणार आहे, हे कळल्याशिवाय तो चालू करायचा नाही असं ठरवलं आहे.

तीन प्रश्न आहेत. याची खरी ताकद घरच्या घरी कशी पाहावी? ती कमी कशी करावी? आणि दुर्बिणीवर शोधक म्हणून, म्हणजे दुर्बीण आकाशात कुठे रोखली आहे ते दाखवायला, बसवायचा तर कसा?

भिंगवाला

चालू केला नाहीत हे उत्तम केलंत. आधी आत काय आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

लाल लेझरमध्ये डायोड थेट लाल उजेड देतो. तुमच्या हिरव्यात तसं नाही. त्यात ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड देणारा डायोड आहे. तो एका इवल्याशा स्फटिकाला उजेड पाजतो, तो स्फटिक १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेझर सोडतो आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करतो. १०६४ चे झाले ५३२, म्हणजे हिरवा. प्रत्येक पायरीवर बराच उजेड तसाच सुटतो. चांगल्या बनावटीत शेवटी अवरक्त अडवणारी काच असते. स्वस्तातल्यांत पैसे वाचवायला पहिली गाळतात ती हीच काच.

२०१० मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पंधरा डॉलरचा असाच एक लेझर तपासला. हिरवा उजेड अगदी मंद, पण जवळजवळ २० मिलीवॅट अवरक्त बाहेर पडत होतं. २०१३ मध्ये त्यांनी १२२ लेझर मोजले. हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लालपैकी ४४ टक्के नियमात बसत नव्हते. तेव्हा चिठ्ठीवर विश्वास ठेवूच नका.

घरी करायची चाचणी त्यांनीच सुचवलेली आहे. लागतं काय, तर एक जुनी सीडी आणि एक जुना वेबकॅम. वेबकॅम उघडा. भिंगाच्या मागे किंचित निळसर-लालसर झाक मारणारी चौकोनी काच असते, ती काढा. आता त्या वेबकॅमला अवरक्त दिसतं. ती काच टाकू नका, पुढे तीच लेझरच्या तोंडावर बसवायची आहे.

सीडीचे चर १.६ मायक्रॉनवर असतात, त्यामुळे ती लेझरच्या झोताचे तुकडे करून वेगवेगळ्या कोनांत फेकते. झोत सरळ पाडला तर ५३२ चा हिरवा ठिपका साधारण १९ अंशांवर येतो आणि ८०८ चा ३० अंशांवर. हिरव्याच्या पुढे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे वेबकॅमच्या पडद्यावर ठिपका उमटला तर समजा अवरक्त गळतंय. १०६४ मात्र फसवतो. तो बरोबर दुप्पट असल्यामुळे त्याचा ठिपका हिरव्याच्या दुसऱ्या ठिपक्यावरच पडतो, ४२ अंशांच्या आसपास. म्हणून ८०८ कडेच लक्ष ठेवा.

लेझर चिमट्यात घट्ट आवळा. सगळं एका खोक्यात, आतून काळा कागद लावून करा. बघायचं ते फक्त पडद्यावर, सीडीकडे थेट अजिबात नाही. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर दार लावून घ्या.

दृष्टिपटल

मी डोळ्यांची डॉक्टर आहे, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

झगझगीत उजेड पडला की आपण पाव सेकंदात डोळे मिटतो. १ मिलीवॅटखालचे लेझर सुरक्षित मानतात ते या सवयीच्या जोरावर. त्याच्या वर, ५ मिलीवॅटपर्यंत, सावधगिरीने वापरायची चीज. त्याच्याही वर गेलं की पापणी मिटेपर्यंत इजा होऊन गेलेली असते. अवरक्ताची गोष्ट आणखी वाईट. ते दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटायचा प्रश्नच येत नाही. डोळ्याचं भिंग मात्र ते इमानेइतबारे दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, एकवटून देतं.

दृष्टिपटलाला दुखत नाही. भाजलं तरी कळ येत नाही. मूल दोन दिवसांनी म्हणतं, "फळ्यावरचं मधलं अक्षर दिसत नाही," तेव्हा घरच्यांना कळतं. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर मिरवणुकीतल्या लेझरमुळे नाशिकमध्ये तरुण पोरांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या असतील. मधल्या भागावरचा असा व्रण पुष्कळदा कायमचा राहतो. त्याला चष्मा नाही.

रानपाखरू, मुलांच्या हातात लेझर देऊ नका. एकालाही, एक मिनिटसुद्धा. बाकी सगळं तुम्ही जाणताच.

कातळ

मी सोपं केलं होतं. बागेतल्या सोलर दिव्याची छोटी पट्टी काढली, मल्टिमीटर लावला, लेझर पाडला आणि करंट पाहिला. माझ्या लाल लेझरपेक्षा हिरव्याचा आकडा सातपट आला. लाल एक मिलीवॅटचा धरला तर हिरवा सात.

भिंगवाला

कातळ, असं मोजून मिलीवॅट मिळत नाहीत. सिलिकॉनची पट्टी लाल आणि अवरक्ताला हिरव्यापेक्षा जास्त करंट देते. म्हणजे त्या सातात किती हिरवं आणि किती न दिसणारं, काही कळत नाही. शिवाय लाल एक मिलीवॅटचा होता हे कोणी मोजलं?

पण पट्टी टाकून देऊ नका. वेबकॅमची काच मध्ये धरा आणि पुन्हा आकडा घ्या. जेवढा उतरेल त्यातला बहुतेक भाग अवरक्ताचा. ही तुलना उपयोगाची आहे. खरे मिलीवॅट हवे असतील तर उष्णतेवर चालणारा मीटर लागतो, त्याला रंगाशी देणंघेणं नसतं. एखाद्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत विचारा, बहुतेक जण आनंदाने मोजून देतात.

त्रिकांड

लेझर यायच्या आधीची एक आठवण. १९८६ ला हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा आम्ही पाच सेलची बॅटरी घेऊन माळावर जायचो. काचेपुढे काळ्या कागदाची हातभर लांब नळी लावायची. दमट हवेत झोत छान दिसायचा. अचूक नव्हता, पण 'या भागात बघा' एवढं सांगायला पुरेसा. आजही दहा-बारा मुलांचा गट असेल तर मी तीच नळी काढतो.

रानपाखरू

सगळ्यांचे आभार. रविवारची दुपार आणि संध्याकाळ यातच गेली, सविस्तर लिहितो.

भाच्याचा २००८-०९ चा वेबकॅम माळ्यावर सापडला. दोन स्क्रू, मग भिंगाची बोंडी फिरवून काढली. आत संवेदकासमोर नखाएवढी काच. तिरकी धरली की तांबूस चमकते, सरळ पाहिली की फिकी निळी. ब्लेडच्या टोकाने डिंक सोडवताना दहा मिनिटं गेली, पण अखंड निघाली. वेबकॅम परत जोडून टीव्हीच्या रिमोटकडे रोखला, तर रिमोटचं टोक पडद्यावर टॉर्चसारखं पेटलं.

मग बुटांच्या खोक्यात काळा कागद, तळाशी सीडी, झाकणाला दोन भोकं, एक लेझरला आणि एक वेबकॅमला. कपड्याचे दोन चिमटे आणि रबर यांनी लेझर आवळला. बटण पोरकट वाटेल अशा लांबून, पट्टीच्या टोकाने दाबलं.

पडद्यावर हिरवा पहिला ठिपका पांढराफटक आला, एवढा प्रखर. त्याच्या बाजूला मोकळी काळी जागा. आणि त्यापुढे, तीस अंशांच्या जवळपास, जांभळट-पांढरा एक गुबगुबीत डाग. खोक्याच्या फटीतून डोळ्यांनी पाहिलं असतं तर तिथे नुसता काळा कागद दिसला असता. वेबकॅमची काच झोताच्या वाटेत धरली तर तो डाग विझला. काच काढली, परत आला. असं चार वेळा केलं. हात थरथरत होता, हे खरं सांगतो. कारण हाच लेझर गेल्या वर्षी एका शिबिरात मी दुसऱ्याच्या हातात पाहिला होता, तसाच, त्याच टोपणाचा, आणि त्याच्या आजूबाजूला चौथीची मुलं होती.

बुधवारी तालुक्याच्या कॉलेजात जाऊन मोजून आणला. तिथल्या सरांनी त्यांचा मीटर लावून दिला. एकूण ७४ मिलीवॅट. वेबकॅमची काच मध्ये धरून ५२. चिठ्ठीवर ५.

दृष्टिपटल

७४. वाचून अंगावर काटा आला.

मुद्दुश्री

मी इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करते, ताकद कमी करण्याबद्दल थोडं लिहू का?

आत बोर्डावर करंट कमी-जास्त करणारा एक छोटा प्रीसेट असतो, स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा. इंटरनेटवर तो फिरवून लेझर जास्त जळजळीत करायचे शेकडो व्हिडिओ आहेत. तो त्या दिशेने कोणीही फिरवू नये, डायोड तर जातोच, डोळेही जातात. उलट फिरवून कमी करता येईल असं वाटतं, पण या प्रकारच्या हिरव्या लेझरमध्ये ते नीट जमत नाही. स्फटिकाला एक किमान उजेड मिळाल्याशिवाय तो लेझर देतच नाही. करंट उतरवत गेलं की हिरवा आधी फडफडतो, मग एकदम विझतो. आणि हिरवा विझला तरी ८०८ चा डायोड चालूच असतो. दिसत काही नाही आणि अवरक्त मात्र येतंय, याहून वाईट अवस्था नाही.

म्हणून करंटला हात न लावता बाहेर, तोंडावर कमी करा. कॅमेऱ्याचा राखाडी एनडी फिल्टर मिळतो. एनडी ८ म्हणजे उजेडाचा आठवा हिस्सा. त्यावर एनडी २ चढवला की सोळावा. ५२ भागिले १६ म्हणजे सव्वातीन. काचेचा घ्या. प्लास्टिकचा पत्रा ५० मिलीवॅटच्या ठिपक्याने हळूहळू करपतो.

भिंगवाला

मुद्दुश्री यांनी सांगितलेलं अगदी बरोबर, एक भर घालतो. पुष्कळ एनडी फिल्टर फक्त दिसणारा उजेड अडवतात, अवरक्त त्यातून आरपार जातं. नुसता एनडी लावला तर हिरवा मंद होईल, झोत निरुपद्रवी वाटेल, लोक बिनधास्त होतील आणि अवरक्त तेवढंच राहील. म्हणून आधी वेबकॅमची काच, तिच्यापुढे एनडी. दोन्ही किंचित तिरक्या बसवा, चार-पाच अंश, म्हणजे काचेवरून परत फिरलेला उजेड लेझरच्या तोंडात शिरणार नाही. आणि ते परत मोजून घ्या, अंदाजावर सोडू नका.

रानपाखरू

चष्मेवाल्याने काच कापून दिली! ५२ मिलीमीटरचे जुने एनडी ८ आणि एनडी २ स्टुडिओवाल्या मित्राकडे पडून होते. चष्म्याच्या दुकानात त्यातून बारा मिलीमीटरच्या गोल टिकल्या काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत, "मुलांसाठी आहे ना," म्हणाले.

बसवायला जागा आयतीच होती. लेझरबरोबर आलेलं नक्षीचं टोपण. त्यातली नक्षीची काच काढून टाकली. आत वेबकॅमची काच, मग पुठ्ठ्याची बारीक चकती, मग दोन्ही एनडी. पुठ्ठ्याची एक कड जाड ठेवली की तिरकेपणा आपोआप येतो. आणि शेवटी ते टोपण दोन घटकांच्या चिकट लगद्याने लेझरवर कायमचं चिकटवून टाकलं. कोणी काढू म्हटलं तरी निघायचं नाही.

कॉलेजात परत गेलो. ३.१ मिलीवॅट. खोक्यातल्या चाचणीत ८०८ चा डाग नाही.

कातळ

पण मग ३ मिलीवॅटचा झोत दिसतो का? ५२ वरून ३ म्हणजे काहीच उरलं नाही असं वाटतं.

भिंगवाला

दिसतो, आणि पुरेसा दिसतो. आपला डोळा हिरव्याला सगळ्यात जास्त संवेदनशील. तेवढ्याच ताकदीच्या ६५० नॅनोमीटरच्या लालपेक्षा ५३२ चा हिरवा सुमारे आठपट उजळ वाटतो. त्यात हवा स्वतःच लहान तरंगलांबी जास्त विखुरते, त्या हिशोबाने आणखी दुपटीहून थोडं जास्त. म्हणून लाल लेझरचा झोत आकाशात दिसतच नाही आणि हिरव्याचा ३ मिलीवॅटचाही दिसतो. अट एवढीच की जागा काळोखी हवी आणि डोळे वीस मिनिटं अंधाराला सरावलेले हवेत. शहरात गच्चीवर नाही दिसला तर ताकद वाढवू नका, जागा बदला.

पाटीपेन्सिल

मी प्राथमिक शिक्षिका. मुलं नेहमी विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही: झोत ताऱ्याला जाऊन टेकल्यासारखा का दिसतो? तारा तर किती लांब आहे.

त्रिकांड

बाई, रेल्वेचे रूळ लांबवर एका ठिकाणी मिळाल्यासारखे दिसतात तसंच हे. झोत तुमच्या हातातून निघतो, तुमची नजर डोळ्यांतून निघते, दोन्ही रेषा समांतर, म्हणून दूरवर मिळाल्यासारख्या दिसतात. आणि वर हवा विरळ होत जाते, धूळ तर खालीच राहते, त्यामुळे झोत दिसेनासा होतो. जिथे दिसेनासा झाला तिथे ताऱ्यावर 'टेकला' असं मनाला वाटतं.

याचाच एक उपयोग सांगतो. पाच मीटर बाजूला उभ्या असलेल्या मुलाला झोताचं एक किलोमीटरवरचं टोक ताऱ्यापासून साधारण ०.३ अंश सरकलेलं दिसेल, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहून थोडं जास्त. तारा दाखवायला चालेल. वीस मीटरवरच्या मुलाला एक अंशाहून थोडं जास्त सरकेल, मग गोंधळ. म्हणून मुलांना पसरून बसवू नका, दाखवणाऱ्याच्या मागे घोळक्याने बसवा. मागे बसवलं की झोत कधी डोळ्यांसमोर यायचाही प्रश्न नाही.

पाटीपेन्सिल

रेल्वेचे रूळ! उद्याच फळ्यावर काढून दाखवते. मनापासून आभार.

दीर्घछाया

मी आकाशाचे फोटो काढतो, त्यामुळे माझी बाजूही मांडतो. देवयानी दीर्घिकेचे पाच-पाच मिनिटांचे फोटो घेत बसावं, चार तास थंडीत काढावेत, आणि कोणीतरी "ती बघा शर्मिष्ठा" म्हणत हिरवी रेघ आरपार ओढावी. एकच रेघ असेल तर नंतर फोटो एकत्र करताना ती गाळता येते. पण दुर्बीण ताऱ्याचा माग धरून चालते, त्या मागाच्या कॅमेऱ्यात लेझर शिरला की माग सुटतो आणि पुढचे सगळे फोटो जातात. मागच्या महिन्यात एका माळावर माझी अख्खी रात्र अशी गेली. जगभरात कित्येक आकाशप्रेमी मेळाव्यांत हिरव्या लेझरला बंदी असते, ती याच कारणाने.

मुलांसाठी तो किती मोलाचा आहे ते मला कळतं. फक्त एकच जागा दोघांनी वापरायची असेल तर आधी बोलून घ्या. साडेनऊपर्यंत लेझर, त्यानंतर नाही, असं ठरलं तरी आमचं भागतं.

रानपाखरू

दीर्घछाया, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या माळावर पुण्याहून फोटोवाले येतात. यापुढे त्यांना तारीख कळवून ठेवीन आणि साडेनऊला लेझर पेटीत.

मेलबर्नकर

इकडची माहिती. २००८ मध्ये सिडनीला उतरणाऱ्या विमानांवर लेझर मारायचे प्रकार झाले आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियात १ मिलीवॅटच्या वरचे हातातले लेझर परवानगीशिवाय आयात करता येत नाहीत. मी इथल्या खगोल मंडळात आहे. आमच्याकडे ज्याच्या हातात लेझर, त्याच्या शेजारी दुसरा माणूस नुसता आकाश बघायला उभा असतो. त्याने "विमान" म्हटलं की वाक्य अर्धवट असलं तरी लेझर बंद.

न्यूजर्सीकाका

आमच्याकडे विमानावर लेझर मारणं २०१२ पासून सरळ गुन्हा आहे, तुरुंगवासापर्यंत. तरी २०२३ मध्ये वैमानिकांनी १३,३०४ घटना नोंदवल्या. झोत पसरत जातो हे लोकांना ठाऊक नसतं. एक किलोमीटरवर साधारण मीटरभर रुंद होतो. वैमानिकाला तो ठिपका दिसत नाही, समोरची अख्खी काच हिरवी पेटलेली दिसते, आणि नेमकी धावपट्टी शोधायच्या वेळी.

मुद्दुश्री

मुंबई-पुण्यात विमानतळांच्या आसपास पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात. वांगणी, कर्जत, लोहगाव असल्या भागांत कार्यक्रम असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात आधी विचारूनच घ्या. वांगणीच्या आकाशातून मुंबईला उतरणारी विमानं किती जातात ते तिथे रात्र काढलेल्या कोणालाही विचारा.

सांगलीचा सुतार

हिरव्याबद्दल बरंच झालं. लाल स्वस्त लेझरची खरी किंमत मला दुर्बिणीचे आरसे जुळवताना कळली.

किल्लीच्या जुडग्याला लावायचा लाल लेझर, तीन बटण सेलचा. ३२ मिलीमीटरच्या वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचा दहा सेंटीमीटरचा तुकडा. नेत्रिकेच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नळीत तो जरा जाड बसतो, पॉलिश पेपरने फिरवून फिरवून घासला की मखमलीसारखा सरकतो. पाइपला दोन ठिकाणी तीन-तीन भोकं पाडून सहा बारीक स्क्रू, मध्ये लेझर.

आता बहुतेकांची चूक होते ती इथे. लेझर पाइपात सरळ आहे की नाही हे न पाहताच आरसे जुळवायला घेतात. लेझरच वाकडा असेल तर आरसेही तेवढेच वाकडे जुळतात. मी फळीवर चार खिळे ठोकून दोन गुणाकाराच्या खुणांसारखी बैठक केली, त्यात पाइप ठेवला आणि पाच मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडला. पाइप जागच्या जागी फिरवला तर ठिपक्याने भिंतीवर ताटलीएवढं वर्तुळ काढलं! सहा स्क्रू अर्धा-अर्धा आटा फिरवत दीड तास घालवला, तेव्हा वर्तुळ मसुराच्या डाळीएवढं झालं. तेवढं झालं की दुर्बिणीच्या नळीच्या लांबीत चूक अर्ध्या-पाऊण मिलीमीटरची राहते.

मुख्य आरशाच्या मध्यावर कागदाला लावायची गोल चिकटपट्टी लावा, फाईलच्या भोकांना लावतात ती. ठिपका आधी त्या कड्यात आणायचा, मग परत फिरून लेझरच्या तोंडात.

भिंगवाला

झकास काम. याच्या पुढची पायरी म्हणजे लेझरपुढे बार्लो भिंग लावणं. नील्स उलोफ कार्लिन यांनी ही पद्धत मांडली, 'स्काय अँड टेलिस्कोप'च्या जानेवारी २००३ च्या अंकात आली होती. भिंगामुळे झोत पसरतो, आरशावरच्या कड्याची सावली परत येते आणि बार्लोच्या तोंडाला लावलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पडते. ती सावली भोकाभोवती मधोमध आणायची की मुख्य आरसा जुळला. लेझर थोडा वाकडा असला तरी या पद्धतीत फरक पडत नाही. फक्त दुय्यम आरसा आधी तुमच्या पद्धतीने जुळवून घ्यायचा.

सांगलीचा सुतार

आज रात्रीच करून बघतो.

रानपाखरू

शनिवारी कार्यक्रम झाला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला मुलांकडूनच मिळालं: दुर्बिणीवर लेझर बसवलाच नाही. एकट्याने वस्तू शोधायची तर साधा शोधक पुरतो. लेझर लागतो तो दाखवायला, आणि दाखवायला तो हातातच हवा.

जाण्याआधी आणखी एक बदल केला. याचं बटण दाबलं की चालूच राहणारं होतं. त्या जागी दाबून धरेपर्यंतच चालणारं पुश बटण डाग देऊन बसवलं. अंगठा उचलला की अंधार.

रात्री साडेआठला नऊ अंश होतं. पहिल्यांदा बटण दाबलं तर झोत जेमतेम, विझू विझू. क्षणभर वाटलं सगळी मेहनत वाया गेली. मग आठवलं, थंडीत ८०८ च्या डायोडची तरंगलांबी सरकते, अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटर, आणि स्फटिकाला नेमकी तीच लागते. लेझर स्वेटरच्या आत काखेत धरला, दहा मिनिटं कृत्तिकांच्या गोष्टीत घालवली, परत दाबला तर बारीक, सरळ, स्वच्छ हिरवी रेघ. त्यानंतर रात्रभर तो स्वेटरमध्येच राहिला, फक्त दाखवायला बाहेर. थंडीत वापरणार असाल तर हे लक्षात ठेवा.

मुलं मागे घोळक्याने बसली. मृगाचे चार पाय, पोटातला बाण, बाणाच्या रेषेत खाली व्याध, वर रोहिणी. या खेपेला मागच्या रांगेतून आवाज आला, "सर, व्याध निळा-पांढरा आहे आणि रोहिणी तांबडी!" त्या मुलीला मी दुसरीपासून ओळखतो, आता सातवीत आहे. दर वर्षी येते आणि दर वर्षी मान डोलावून जाते.

मेलबर्नकरांनी सांगितलं म्हणून आठवीच्या दोघांना विमानाचे पहारेकरी केलं, एक पूर्वेला तोंड करून, एक पश्चिमेला. पहिलं विमान आलं तेव्हा दोघं ओरडले. दुसऱ्याला दहा-बारा जण. तिसऱ्याला सगळा माळ एका सुरात "विमाऽऽन!" आणि माझा अंगठा वर.

साडेनऊला लेझर पेटीत ठेवला, चावी काढून घेतली. चावी माझ्याकडेच असते.

मुद्दुश्री

पुश बटण कोणतं वापरलंत? माझ्या भावाच्या शाळेसाठी एक असाच करून द्यायचा आहे.

रानपाखरू

टेबलघड्याळाच्या गजराचं असतं तसं, दोन पायांचं, बारा मिलीमीटरचं. त्याची स्प्रिंग जरा कडक बघून घ्या, खिशात दाबलं जाता कामा नये. एनडीच्या टिकल्या उरल्या आहेत, पत्ता व्यक्तिगत संदेशात कळवा, पोस्टाने पाठवतो.